दुपारचा पहारा

प्रिय आत्या,

उद्या मठात सप्ताह बसतोय. तुझ्यावाचूनचा पहिला. आणि उद्या दुपारी बारा वाजता वीणा माझ्या गळ्यात येणार आहे. घरात कुणाशी बोलावं, तर आई देवापुढे जाऊन बसते आणि अण्णा पेपरात तोंड घालतात. म्हणून तुलाच लिहायला बसले.

आधी भांडून घेते. तेराव्याला सगळे काय म्हणत होते, ऐकलंस का? "माऊली होती हो, साक्षात माऊली!" ज्यांनी तुला सभामंडपाची पायरी चढू दिली नाही, तेच डोळे पुसत होते. मला इतका राग आला की मी पंगतीतून उठले. आईनं पदर ओढून खाली बसवलं.

तुझं ते मठातलं आयुष्य मला कधी नीट कळलंच नाही. तुझे यजमान गेले, सासरच्यांनी मुरबाडहून पाठवून दिलं, आणि तू सिंधी वसाहतीतल्या आमच्या कॅम्प चारच्या दोन खोल्यांत न येता बदलापूरच्या मठात राहिलीस. मागची पत्र्याची खोली, पहाटे काकड्याआधी अंगण सारवणं, दिवसभर चूल. पण संध्याकाळी भजनाला उभी राहिलीस की तुझा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. पुरुषसुद्धा तुझा सूर धरून गायचे. शनिवारी मी यायची ती त्यासाठी. तुझ्या भाकरीसाठी नाही, खरं सांगते!

लहानपणी मी तुला विचारलं होतं, "आत्या, वीणेकरी सात दिवस उभाच का असतो? बसत का नाही?"

"बसला की पेंगेल," तू म्हणालीस. "आणि पेंगला की वीणा खाली टेकेल. मग सप्ताह मोडला. म्हणून एक दमायच्या आत दुसऱ्यानं हात पुढे करायचा."

इतकं सोपं वाटलं होतं तेव्हा!

मी बारावीत होते ते वर्ष आठव. चैत्राची दुपार, वीज गेलेली, पत्रा नुसता तापलेला. पुरुष जेवून पांगले होते, कुणी कामावर, कुणी झाडाखाली. मंडपात वीणेच्या पहाऱ्याला एकटे गणूकाका. त्यांचं वय झालेलं, त्यात साखरेचा आजार. त्यांना सोडवायला येणारा माणूस कारखान्यात ओव्हरटाइमला अडकला होता. आम्ही बायका कोपऱ्यात तांदूळ निवडत होतो. काकांचं नाम अडखळलं, मग थांबलं. ते एका बाजूला कलले आणि वीणा खांद्यावरून घसरायला लागली.

मी ओरडले. पण तू स्वयंपाकघरातून कधी धावलीस, कळलंच नाही. पिठाचे हात पदराला पुसलेस, वीणा वरच्यावर धरलीस, गळ्यात घातलीस आणि काकांचं तुटलेलं नाम तिथूनच उचललंस. बायकांनी काकांना भिंतीशी टेकवून, साखर उतरली असणार म्हणून, तोंडात साखर घातली. वीणा जमिनीला लागली नव्हती. सप्ताह वाचला होता! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग पुरुष एकेक करून आले.

"बाईमाणसाच्या गळ्यात वीणा? आता अखंड कसलं राहिलं?"

"मग काय खाली पडू द्यायची होती?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"पडली असती तर प्रायश्चित्त तरी घेता आलं असतं. ह्याला काय करायचं?"

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. मठ त्यांचा, शब्द त्यांचा. ते नुसतं म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." ना हो, ना नाही. मग सगळे पाय धुऊन आत आले, टाळ घेतले, दोन ओळींत समोरासमोर उभे राहिले आणि तुझ्या मागून नाम म्हणू लागले. गायला सगळे होते गं! पण हात कुणी पुढे केला नाही.

तुला वीणा खाली ठेवता येत नव्हती, आणि तुझ्याकडून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तुझे पाय थरथरायला लागले. एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होतीस. आपल्या कॅम्पातून सप्ताहाला आलेल्या सिंधी ईश्वरीबाई सरबताचा पेला घेऊन आल्या आणि त्यांनी तो सरळ तुझ्या ओठांना लावला. "पियो, बहन, पियो," म्हणाल्या. मग पुरुषांकडे वळून मोठ्यानं, "इतने मर्द खड़े हैं, किसी का हाथ नहीं उठता क्या?" टाळ आणखी जोरात वाजायला लागले, बस.

मी उठले. दोन्ही हात पुढे करून तुझ्यासमोर उभी राहिले. तू मान हलवलीस. मी तरी हलले नाही, तेव्हा नाम न तोडता असे डोळे वटारलेस की मी मागे सरले. का आत्या? नंतर म्हणालीस, "तुझं लग्न व्हायचंय. तुला कशाला बोल?" मला नको होतं असलं वाचवणं! आजही नको आहे.

मग अण्णा आले. तुझा सख्खा भाऊ. अंबरनाथहून पहिली पाळी करून, डबा हातात घेऊन. दारातच त्यांना कुणीतरी काय झालं ते सांगितलं. त्यांनी पाय धुतले, आत आले, आणि तू त्यांच्याकडे पाहिलंस. मी तुझं ते पाहणं विसरू शकत नाही. अण्णांनी टाळ उचलले आणि ओळीत अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. खाली बघत.

घरी आल्यावर आई त्यांना बोललीच, "पाठची बहीण ना तुमची? दगडसुद्धा पाझरला असता!"

"मी हात दिला असता तर दोघांनाही बाहेर काढलं असतं," अण्णा म्हणाले. "तिला तिथंच राहायचंय. मग?"

मला ते तेव्हाही पटलं नाही. पण ते जेवले नाहीत त्या दिवशी, हेही तुला सांगून ठेवते.

तुझी सुटका केली ती परक्या माणसानं. संध्याकाळी नगरकडचे कीर्तनकार बोवा आले. त्यांना कुणी काही सांगायच्या आत ते रिवाजाप्रमाणे थेट वीणेकऱ्याकडे गेले, तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली. मंडपात टाळ थांबले. बोवांनी वर पाहिलं, बाई आहे हे तेव्हा त्यांना दिसलं, आणि त्यांनी पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला. तू मात्र भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेलीस आणि पिठाची परात पुढे ओढलीस. बसून घ्यायचंस ना जरा!

बोवा दुसऱ्या दिवशी गेले आणि आप्पांचा निरोप आला: बाईंनी यापुढे मंडपात येऊ नये. त्यानंतर तुझं गाणं चुलीपुढेच राहिलं. मी किती वेळा म्हटलं, "सोड ते ठिकाण, आमच्याकडे ये." तुझं एकच उत्तर, "कुठं जाऊ? इथं टाळ तरी ऐकू येतात."

आता ऐक, उद्याचं काय आहे ते. दुपारच्या पहाऱ्याला हल्ली माणूसच मिळत नाही. मठात ठरत आलंय की दुपारी वीणा खुंटीला अडकवायची, हार घालायचा आणि टेपवर नामाची कॅसेट लावायची. मी आप्पांकडे गेले. म्हटलं, "मी उभी राहते." ते म्हणाले, "बी.ए. झालीस म्हणून धीर आलाय. घे बाई. पण तुझ्याकडून वीणा घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. माणूस तू बघायचास. कुणी आलं नाही, तर परवापासून कॅसेट."

मी ज्यांना ज्यांना विचारलं, ते सगळे "हो हो, बघतो की" म्हणाले. म्हणजे कुणी येणार नाही. काल अण्णांना सांगितलं, "चार वाजता माझ्यानंतर कुणाचा पहारा नाही."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू!" आणि पेपर उलटला. तो त्यांनी आधीच वाचलेला होता.

आत्या, इतकी वर्षं मी त्या पुरुषांवर चिडत आले. पण तुझ्यावरही माझा एक राग आहे, तो आज बोलते. तू त्या दिवशी सगळ्यांकडे पाहिलंस, पण एकालाही हाक मारली नाहीस. का नाही मारलीस? तुला वाटलं असेल, ज्याला द्यायचाय तो हात देईल. नाही देत गं! नुसतं पाहिलं की माणसाला खाली बघता येतं.

म्हणून शब्द देते. उद्या माझे पाय थरथरले तरी मी दाराकडे बघत गप्प उभी राहणार नाही. नाम म्हणता म्हणता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, नाव घेऊन हाक मारीन. आणि पहिली हाक अण्णांना.

तुझी,
नंदा