दुसऱ्या आवाजाची ओळ

सोलापूर,
१८ जुलै १९३७

प्रिय बिरप्पा,

अनेक आशीर्वाद. सोळा वर्षांत मी तुला साधं कार्ड टाकलं नाही आणि आज एकदम पाकीट, तेव्हा मास्तर गेले की काय म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, दाढा दोनच उरल्या आहेत, पण कान शाबूत आहेत असा माझा आत्ताआत्तापर्यंत समज होता. तो कसा मोडला तेच सांगायला बसलो आहे. मधेच भलतीकडे वळलो तर सांभाळून घे, कारण मला लाज वाटते आहे.

आपल्या शाळेची बँडची खोली तुला आठवत असेलच. अमेरिकेहून नवी वाद्यं आली त्या दिवशी पेट्यांतला भुसा तुम्ही एकमेकांच्या डोक्यावर उधळलात आणि मी सगळ्यांना ओणवं उभं केलं. वाद्यं दहा, पोरं अकरा. अकरावा तू. तुझ्यासाठी मी कपाटातली जुनी क्लॅरिनेट काढली, कुठल्याशा गोऱ्या पलटणीने जाताना शाळेला दिलेली. तू ती सदऱ्याने पुसलीस आणि पुन्हा नव्या वाद्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस.

त्या वर्षी बक्षीस समारंभाला मिशनच्या साहेबांना कोराल हवं होतं. जर्मन लोकांच्या देवळातलं ते संथ गाणं; चार आवाज एकाच वेळी चार वेगळे सूर धरतात आणि तरी भांडत नाहीत. मोठ्या माणसांसाठी रचलेलं ते गाणं पोरांना झेपेल असं पुन्हा लिहायचं काम माझं, आणि त्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, हे मी न विचारता सगळ्यांना सांगत असे. धुळाप्पाच्या पुढच्या दातांत फट होती, म्हणून त्याच्या कॉर्नेटला वरचा सूर द्यायचा नाही. तुझी करंगळी खालच्या चावीपर्यंत पोचत नसे, म्हणून तुझ्या ओळीतले दोन सूर बदलले. कॉर्नेटवर मूळ चाल, क्लॅरिनेटवर तुझा दुसरा आवाज, त्याखाली हॉर्न आणि तळाला युफोनियम. तुझी आई सावित्रम्मा एकदा तालमीला दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि मला विचारलं की समदी पोरं गाणं वाजवत्यात, माझंच का दुसरं कायतरी वाजवतंय. मी म्हणालो, बाई, तो नसेल तर बाकीच्यांचं गाणं उघडं पडेल. त्यांना ते पटलं, आणि त्या दिवशी त्या तुझ्याकडे बघत बराच वेळ थांबल्या होत्या.

आता ती तालीम. आठवडाभर काहीतरी खुपत होतं. मी एकेकाला उभं करून वाजवायला लावलं, आणि खुपणारा सूर तुझा निघाला. एकट्याने वाजवलंस तर गोड, सगळ्यांबरोबर वाजवलंस तर चढा. सूर उतरावा म्हणून मी क्लॅरिनेटचा सांधा थोडा बाहेर ओढला. खालचे सूर जुळले, तर वरचे फाटले. तीनदा केलं, तीनदा तेच. समारंभ चार दिवसांवर आलेला आणि माझा पारा चढलेला. मी दहा पोरांसमोर म्हणालो, "बिरप्पा, तुला कान नाही. ज्याला कान नाही त्याला मी काय शिकवणार?" तू हातातल्या क्लॅरिनेटकडे बघत म्हणालास, "सर, मला बराबर ऐकू येतंय की. हीच येगळ्या पट्टीत बोलतीया." मी हसलो. मास्तर हसले म्हणून पोरं हसली. समारंभात तू वाजवलं नाहीस; स्टँड मांडलेस, संपल्यावर आवरलेस, आणि सोमवारपासून बँडच्या खोलीत आला नाहीस. मी बोलावलंही नाही. तुझी ओळ मी कुणालाच दिली नव्हती. कोराल त्या भोकासकट वाजलं, टाळ्या पडल्या, साहेबांनी पाठ थोपटली, आणि ते भोक फक्त मला ऐकू आलं.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती क्लॅरिनेट हाती लागली. चाव्यांखालच्या गाद्या कुजल्या होत्या, म्हणून लग्नाच्या बँडवाल्या खाजाभाईंकडे दुरुस्तीला दिली. चार दिवसांनी गेलो तर त्यांनी ती चकाचक घासून ठेवलेली. कारखान्याच्या शिक्क्याखाली वर्षानुवर्षांच्या मळाने बुजलेली एच. पी., म्हणजे हाय पिच, अशी दोन इंग्रजी अक्षरं त्यांनी मला बोटाने दाखवली. पूर्वी गोऱ्या पलटणींची पट्टी उंच असायची, त्या पट्टीच्या वाद्यांवर ही खूण. आपली अमेरिकेची वाद्यं नव्या, खालच्या पट्टीची. दोन्हींत पाऊण-अर्ध्या स्वराचं नव्हे, त्याहून बारीक अंतर. बाजाच्या पेटीवर शोधायला गेलास तर दोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. सांधा ओढून ते भरून निघत नाही. मी पुण्याला पलटणीच्या बँडात शिकलो, तिथे सगळीच वाद्यं उंच पट्टीची, म्हणून मला ठाऊक नव्हतं, असं मी खाजाभाईंना सांगू लागलो. ते म्हणाले, "मास्तर, तुमाला ठाऊक नव्हतं, पन वाजवणाऱ्याला तर कळलं असंल की."

खाजाभाईंची सगळी वाद्यं पलटणीतून उतरलेली जुनी, म्हणजे उंच पट्टीचीच. मी त्यांच्या चार माणसांना कोरालची चाल आणि खालचे दोन आवाज शिकवले. तासभर गेला. मग तुझी क्लॅरिनेट मी ओठाला लावली आणि तुझी ओळ वाजवली, करंगळीसाठी बदललेल्या दोन सुरांसकट. एकही सूर फाटला नाही. बिरप्पा, ती वाद्यं जुळली तेव्हा मला रडू आलं. मी तुझी करंगळी मोजली, पण तुझं म्हणणं ऐकलं नाही. खोलीतल्या बारा जणांत कान एकट्या तुला होता आणि मास्तर मी होतो. मला क्षमा कर.

हे तुला उगाच कळवलं नसतं. आपली लाज झाकून ठेवायला कोणालाही आवडतं. पण या जूनमध्ये माढ्याहून तुझा मुलगा ईरप्पा आपल्या बोर्डिंगात आला. बाप तिथे शाळामास्तर आहे, प्रार्थना मुलांकडून म्हणवून घेतो, स्वतः तोंड उघडत नाही, हे त्याच्याकडूनच कळलं. तालमीच्या वेळी तो रोज खिडकीबाहेर उभा राहतो. आत बोलावलं तर खिशातून तुझी चिठ्ठी काढून दाखवतो. तुझं अक्षर अजून सुरेख आहे. 'मुलाला बँडात बसवू नये. आमच्या घरात कान नाही.' ते वाक्य तुझं नाही, बिरप्पा, माझं आहे. तू ते सोळा वर्षं जपलंस आणि आता पोराच्या खिशात घालून मलाच परत पाठवलंस. चिठ्ठी त्याच्याकडून मागून घेऊन सोबत ठेवली आहे. मी तिच्यातलं एक अक्षरही खोडलेलं नाही. खोडायची ती तूच, आणि खोडून ईरप्पाच्या हातात द्यायला तूच ये. क्लॅरिनेट खाजाभाईंकडे तयार आहे, आणि त्यांच्या माणसांना बाकीचे तीन आवाज पाठ झाले आहेत.

तुझाच,
गंगाधर मास्तर