खोक्यावर आप्पांचं नाव होतं

बोर्डी,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय विपुलभावजी यांस,
सुषमावहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे येईलच. हातात फोन असताना ही बाई कागद का काळे करत बसली, असं तुम्हाला वाटेल. त्यालाही कारण आहे. पण आधी मला आभार मानू द्या.

आमच्या प्रगतीच्या वाढदिवसाला तुम्ही भरूचहून पाठवलेली खेळण्यातली निळी बंदूक दिवाळीनंतर मिळाली. मी तेव्हा फोनवर नुसतं ‘मिळाली हं, छान आहे’ म्हणाले आणि ठेवून दिला. किती छान आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

मग तुमच्या दादांनी उंबरगावच्या बाजारातून दुसरी आणली, नारिंगी, बॅटरीवर चालणारी. का आणली ते सांगते पुढे. तेव्हापासून ओटीवर रोज संध्याकाळी लढाई असते. समोरच्या कठड्यावर नारळाच्या करवंट्या मांडायच्या आणि ओटीवरून स्पंजच्या गोळ्या मारून पाडायच्या. एक गोळी माझ्या आमटीत येऊन पडली तेव्हा मी दोन्ही बंदुका चुलीत घालायची धमकी दिली होती. आता मीच चार वाजले की करवंट्या मांडून ठेवते. काय करणार!

नारिंगी दिसायला झोकात. खटका दाबला की घुर्रर्र करून एकामागून एक गोळ्या सुटतात आणि कोंबड्या पार विहिरीपर्यंत पळतात. पण गोळी निम्म्या वाटेत भरकटते. करवंटी एकीकडे, ही जास्वंदीत. त्यात आपल्याकडची खारी हवा. सेलना गंज धरला की मोटर नुसती कण्हते आणि गोळी पायाशी पडते. तुमची निळी बिचारी साधी. एका वेळी एकच गोळी बसवायची, मागचा दट्ट्या खेचायचा, कट्ट आवाज आला की तयार. पण सुटली की सरळ जाऊन बसते. प्रगती म्हणते नारिंगीच भारी. दुसरा पक्ष म्हणतो, ‘मशीन मारते, तू कुठं मारतेस?’ यावरून जेवायच्या ताटावरसुद्धा भांडणं होतात.

निळीत खोट एकच. दट्ट्या फार कडक आहे. खेचायला बोटांत जोर लागतो.

भावजी, उभे असाल तर आता बसून वाचा. निळी बंदूक प्रगतीकडे नाही. ती आप्पांकडे आहे.

गणपतीत गौरी गेल्या त्याच आठवड्यात आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. सकाळी चिकूचे क्रेट टेम्पोत चढवत होते. एकदम उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. नवशी, आपल्याकडे तलासरीहून चिकू काढायला येते ती, तिने पुढे होऊन त्यांना धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. चिकू उतरवले आणि त्याच टेम्पोतून दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून निभावलं.

तुम्हाला कळवलं नाही. दादा तुमचा नंबर लावत होते, तर आप्पांनी डाव्या हाताने फोन खाली पाडला. जीभ वळत नव्हती, पण त्यांचं म्हणणं आम्हाला कळलं. पुढे तुम्ही फोन करायचा आणि मी ‘आप्पा वाडीत गेलेत’ म्हणायचं. आप्पा माझ्या समोर पलंगावर पडलेले असायचे, आढ्याकडे बघत. चिडा, जरूर चिडा. पण माझ्यावर चिडा, दादांवर नको.

तुम्हा बापलेकांतलं भांडण मी उगाळत नाही. तुम्ही बंदराच्या सर्व्हेच्या कामाला लागलात आणि आत्याचं सासर वाढवणचं, जिथे ते बंदर व्हायचंय. बंदराविरुद्धच्या मोर्चात आत्या काळा झेंडा घेऊन उभी आणि पलीकडे तुम्ही पिवळं हेल्मेट घालून, हे आप्पांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून बोलणं टाकलं. तुमची भरूचला बदली झाली तरी टाकलेलंच राहिलं.

तर डहाणूहून शितल नावाची मुलगी व्यायाम घ्यायला यायला लागली. गुणी पोर. तिने हातात पिळायला रबरी चेंडू दिला, आप्पांनी तो कुत्र्याला दिला. ती बोटं उघडायला जायची, हे भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टर बजावून गेले होते की सुरुवातीचे महिने वाया घालवलेत तर हात पुन्हा उठायचा नाही. दिवस चालले होते आणि आप्पांना कशाचीच गोडी उरली नव्हती. मी न्हाणीघरात जाऊन रडून यायचे.

अशात तुमचं खोकं आलं. आपल्याकडे घराच्या नंबराने कोण विचारतो? घरातल्या मोठ्या माणसाचं नाव असलं की कुरियरवाला डोळे मिटून दारात येतो. म्हणून तुम्ही सवयीने आप्पांचं नाव घातलंत. ते ठीक. पण अहो, कुरियरच्या खोक्यावर ‘तीर्थरूप महादेव सावे’ असं कोण लिहितं? तुम्ही लिहिलंत! आणि त्या बाबाने ते खोकं नेऊन सरळ आप्पांच्या पलंगावर ठेवलं.

आप्पांनी डाव्या हाताने चष्मा चढवला. अक्षर ओळखलं. त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “विपुलनं... मला?”

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून नीट कळेल असं पहिल्यांदाच काही निघालं होतं. दादा म्हणायला लागले, “नाही आप्पा, ती प्रगतीच्या...” मी असा चिमटा काढला त्यांना, की काय सांगू! मग प्रगतीला आत नेऊन समजावलं. नारिंगी बंदूक आली ती अशी.

आप्पांनी ठरवूनच टाकलं की तुम्ही ती चिकूवरचे पोपट हाकलायला पाठवलीत. स्पंजच्या गोळीने पोपट हलतो होय? मेले फांदीवर बसून मजा बघायचे. पण आप्पा पलंगावरून उठून ओटीवर आले. बंदूक गुडघ्यांत दाबून डाव्या हाताने दट्ट्या खेचायचे. मग हट्टाला पेटले की उजव्यानेच खेचणार. बोटं घसरायची, शिव्या सुटायच्या, आणि शिव्या दिवसेंदिवस स्पष्ट यायला लागल्या! शितल म्हणाली, “वहिनी, देऊ द्यात, जीभ मोकळी होतेय.” तिने चेंडूचा नाद सोडला आणि बंदुकीवरच व्यायाम सुरू केले.

नाताळच्या सुट्टीत एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते. बाहेर कट्ट आवाज आला. पिठाचे हात घेऊन धावत गेले. दट्ट्यावर उजवा हात होता. आप्पा रडत होते, मी रडायला लागले, तर प्रगती म्हणते, “आता मारा तरी!” मारली. करवंटी पडली.

बुधवारी संक्रांतीला प्रगती हरली आणि तिचं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडली, “ती बंदूक माझीच आहे! काकाने मला पाठवलेली!” माझ्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. आप्पांनी बंदूक मांडीवर घेतली. म्हणाले, “ठाऊक आहे. खोक्यावर एवढ्याशा पोरीचं चित्र होतं, मला काय दिसत नाय?”

“मग परत द्या.”

“नाव कोणाचं होतं वर? त्यानं सोताच्या हातानं माझं नाव लिहिलं ना? तीर्थरूप लिहिलं ना? बस, मग माझी.”

तुमच्या अक्षरातला तो पत्ता त्यांनी कापून चष्म्याच्या डबीत ठेवलाय. मी पाहिलाय, पण तुम्ही त्यांना सांगू नका.

भावजी, तुम्ही पोरीला खेळणं पाठवलंत आणि आम्हाला आमचा माणूस परत मिळाला. तुम्ही धाकटे आहात, नाहीतर पायाच पडले असते. मला नवी साडी, दादांना गाडी, काहीही तुम्ही पाठवलं असतं तरी त्याला याची सर आली नसती. मनापासून सांगते, देव तुमचं भलं करो.

आता आप्पा मऊ पडले असं मात्र समजू नका. फाटकावर काळा झेंडा आहे तसाच आहे आणि तो निघायचा नाही. तो बघून माघारी फिरू नका म्हणजे झालं. काल आप्पाच म्हणाले, “बंदराचं भांडण भांडू आमनेसामने. इथं येऊन भांड म्हणावं.” आणि मला कागद आणायला लावला. म्हणाले, लिही सगळं, आणि खाली जागा सोड. फोन करा म्हटलं तर म्हणे, मला पाकिटात काय ते घालायचंय, फोनमधून ते जाणार आहे का?

पाकिटात तुम्हाला स्पंजची एक गोळी सापडेल. निळीची आहे. तिच्या सहाच होत्या, आप्पांनी एकही हरवू दिली नव्हती. कालपासून पाचच गोळ्यांवर खेळतायत आणि हरतायत. प्रगतीची चंगळ आहे.

तुमची वाट बघणारी,
सुषमावहिनी

ता. क. खालचं आप्पांनी लिहिलंय, उजव्या हाताने. चहा पार गार झाला तरी पेन सोडलं नाही. अक्षराला हसू नका.

गोळी घेऊन ये.
कुरियर नको.
आप्पा