उर्सुलाचे पक्षी

श्रूजबरी

प्रिय शरयूताई,

फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं आणि तू घाबरतेस, म्हणून लिहायला बसले. तुमच्या रेडमंडला पाऊस असेलच. इकडे बर्फ वितळून नुसता चिखल झालाय.

आमच्या म्युझियममधल्या जर्मन पडद्याबद्दल तुला सांगितलं होतं ना? सतराव्या शतकातला, न्यूरेंबर्गकडचा, लोकरीच्या धाग्यांनी भरलेला. वेली, डाळिंबं, पक्षी. पाटीवर नाव मात्र एका चित्रकाराचं. डिझाइन त्याचं आणि त्याच्या बायकोनं, उर्सुलानं, ते नुसतं भरलं, असंच सगळे धरून चालले होते. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी मी त्याचं अस्तर उसवलं. टाके झिजले होते तिथे कापडावरचं शाईचं रेखाटन दिसायला लागलं. ताई, त्यात फक्त वेली होत्या गं. पक्षी एकही नाही! आणि त्या वेलींची रेघसुद्धा तिनं जागोजागी सोडून दिलेली, सुई हवी तिकडे वळवलेली. ती अख्खी बाग तिच्या डोक्यातली होती. अनिकाला फोटो दाखवले तर म्हणाली, "आई, शी वॉज सो कूल!" अनिकाचा बाबा, सौमित्र, गेल्यानंतर आमच्या घरात इतकं हसणं पहिल्यांदाच झालं असेल.

मी प्रदर्शनासाठी सगळं लिहून काढलं. साहेबांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "सई, भरतकाम ही मेहनत. डिझाइन त्याचंच मानतात." मी भांडले, पुरावे दाखवले. पुढे म्युझियमचे पैसेच आटले. आधी प्रदर्शन कॅन्सल झालं, मग माझी नोकरी गेली. पडदा गुंडाळून परत कोठारात ठेवला तो जुन्याच पाटीसकट. गुंडाळायला मीच होते.

नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला, हे तुला सांगायला नको. दिसेल तिथे अर्ज केले. जुनी कापडं जपणारी बाई कुणालाच नकोय. अनिका शाळेत गेली की मी भिंतीकडे बघत बसते. आंघोळीलासुद्धा उठवत नाही. इतकी वर्षं कशासाठी घासली, कळत नाही.

काल अनिकाला सांगितलं, आपल्याला पुण्याला परत जावं लागेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मला मराठी वाचतापण येत नाही, आई." तिचा जन्म इथला, पासपोर्ट अमेरिकन; जायचं आहे ते मला. ताई, तिची शाळा संपेपर्यंत तिला ठेवून घेशील? ऋषीभावोजींना विचार. ती वांगं खात नाही. चिडली की दार लावून बसते, तेव्हा बसू द्यायचं, आपणहून बाहेर येते. तिला तुझ्याकडे सोडून मी तशीच पुढे पुण्याला जाईन. एअरपोर्टवर तिच्यासमोर रडणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन. पण नाही म्हणू नकोस गं.

तुझीच,
सई