गाळलेल्या नावाची हजेरी

कुम हेलिग, वेल्स
७ मार्च २०११

प्रिय एम्लिन,

तू बरा असशील असे धरून चालते. मी बरी आहे, गुडघे सोडून. पत्ता तुझ्या मुलीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस.

आपल्या फुटबॉल क्लबला यंदा शंभर वर्षे होतात. इतिहास लिहायचे काम माझ्या गळ्यात पडले, कारण शुद्ध लिहिणारी गावात मी एकटीच उरले आहे, असे समितीचे मत. सुरुवातीची प्रकरणे सोपी गेली. चॅपलच्या वडीलधाऱ्यांनी पहिल्या वर्षी संघाला शिव्याशाप दिले आणि दुसऱ्या वर्षी बसायला बाके दिली. मैदान तेव्हाही खाणीच्या ढिगाऱ्याकडून नदीकडे उतरतेच होते. पाण्यात गेलेला चेंडू काढायला लांब काठीचे जाळे घेऊन एक माणूस अजून काठावर उभा असतो.

अडले ते १९८३च्या चषकापाशी. अंतिम सामना आपण एक-शून्य असा जिंकला. तो गोल कोणी केला ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि कोणी बोलत नाही.

समितीत एल्फेड म्हणाला, "'चेंडू जाळ्यात गेला' एवढंच लिहा ना, बाई." माझ्या वर्गात होता, अजून बाईच म्हणतो.

"आपला आपण गेला? वाट चुकून?"

"वाऱ्यानं गेला म्हणा," ऑल्वेन म्हणाली. "वारा होताच त्या दिवशी."

"वाऱ्याचं नाव संघात नव्हतं, ऑल्वेन."

"त्याचंही नाही आता. तुमच्याच वडिलांनी पुसलं."

खरे आहे. कपडे बदलायच्या खोलीतल्या फळीवरचे तुझे नाव बाबांनी स्वतः रंग फासून बुजवले. ऑल्वेनचा राग मला समजतो. चषकाच्या पुढच्याच वर्षी खाण कामगारांचा संप झाला, त्या हिवाळ्यात तिची मुले क्लबात शिजणाऱ्या सूपवर जगली. तिचा नवरा खाणीच्या फाटकावर उभा असायचा, आणि संप मोडून कामावर जाणाऱ्यांची जाळीच्या खिडक्यांची बस त्याच्यासमोरून आत गेली. त्या बसमध्ये तू होतास. बाबाही फाटकावर होते. त्यांनी दगड उचलला नाही, एवढे मी सांगू शकते. तू का गेलास ते मी विचारत नाही.

क्लबच्या दरवर्षीच्या जेवणातली हजेरी तुला आठवत असेल. चषक जिंकलेल्या संघाची नावे वाचायची; जिवंत असेल त्याने "हजर" म्हणायचे, गेलेल्यासाठी त्याच्या घरच्या माणसाने उभे राहून म्हणायचे. हजेरी बाबा घेत. तुझे नाव ते घेत नसत. पण ग्विलिमच्या नावानंतर, जिथे ते यायला हवे तिथे, थांबत. लोक म्हणत, म्हाताऱ्याच्या छातीत कोळशाची धूळ आहे, दम लागतो. मी शेजारीच बसायचे. दुसऱ्या कुठल्याही नावाला त्यांना दम लागला नाही.

बाबा गेल्यावर हजेरी माझ्याकडे आली.

इतिहास छपाईला गेला. गोल तुझ्या नावावर आहे. पुढच्या प्रकरणात बस आहे, तीही तुझ्या नावासकट. दोन्ही खरे आहे. ऑल्वेनने राजीनामा दिला आणि चार दिवसांनी परत घेतला, कारण एवढ्या माणसांसाठी मटण शिजवणे तिच्याशिवाय कोणाला जमत नाही.

जेवण मेच्या दुसऱ्या शनिवारी आहे. ग्विलिमनंतर मी तुझे नाव मोठ्याने घेणार आहे आणि थांबणार आहे. कोणी तुझ्याशी बोलेल अशी हमी देत नाही. ऑल्वेन तुझ्या ताटात वाढेल, तुझ्याकडे बघणार नाही.

तू आला नाहीस, तरी नाव घेतल्यावर कोणीतरी उत्तर द्यायलाच हवे. रीत तुला माहीत आहे, आणि या गावात तुझ्या घरचे माणूस मी एकटीच आहे.

जिवंत भावासाठी मला उभे राहायला लावू नकोस.

तुझी थोरली बहीण,
नेस्ता