पोळ्याआधी बेअरिंग

५ ऑगस्ट, मंगळवार
आजपासून रोजनिशी. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. काल त्यांनी तपासलं, एडीएचडी निघालं, म्हणजे काम सुरू करणं नि त्यात लक्ष टिकवणं जड जातं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. म्हणाले, चंपतराव, तुम्ही आळशी नाही, तुमच्या मेंदूचा स्टार्टर जरा कमजोर आहे. म्हटलं, साहेब, मोटार रिपेअरवाल्याला समजेल असं पहिल्यांदाच कोणी बोललं.

सोळाव्या वर्षी एक पाना घेऊन इथं गावात, बेल्यात, दुकान टाकलं. आज आजूबाजूच्या गावांचे फवारणी पंप नि विहिरीच्या मोटारी माझ्याकडे येतात. फोनवर मोटार ऐकून दोष सांगतो, असा कान.

घरची गोष्ट वेगळी. बायकोच्या पिठाच्या गिरणीची बेअरिंग जूनपासून किर्र करते. सुवर्णाचं म्हणणं, पोळ्याच्या आदल्या दिवशी अख्खं गाव पुरणपोळीचे गहू घेऊन येते, तवा मोटार बसली त गिऱ्हाईक खालच्या आळीतल्या नव्या गिरणीवर जाईन, आन एकदा गेलं का फिरून येत नाही. तिनं ही गिरणी बारा वर्षांत उभी केली, हे खरं. पण पोळा बावीसला. काम चाळीस मिनिटांचं. सतरा दिवस हातात.

६ ऑगस्ट
नवी बेअरिंग आणली. खोकं गिरणीतल्या फळीवर ठेवलं, डोळ्यासमोर. अर्धं काम झालं. आता फक्त बसवायची.

७ ऑगस्ट
डॉक्टरांचा उपाय पहिला: सुरुवात इतकी लहान करा की टाळताच येऊ नये. नुसता पाना उचला.
उचलला. ठेवला. जमतंय.

८ ऑगस्ट, संध्याकाळी
पाना उचलला. गंज दिसला. काढला. मग बाकीच्या पान्यांचाही काढला. मग भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार आखून निळा ऑइलपेंट दिला, म्हणजे कोणता कुठे टांगायचा हे आंधळ्यालाही कळावं. दिवस सार्थकी लागला.
अश्विनी, माझी मुलगी, पॉलिटेक्निकला जाते. म्हणे, बाबा, भिंत मस्त दिसून राह्यली. गिरणी तेवढी रडून राह्यली.
पोरीला कान माझे आहेत.

१० ऑगस्ट, रविवार
उपाय दुसरा: काम करताना कोणाला तरी शेजारी बसवा. बोलायचं नाही, नुसतं बसवा. माझा दोस्त धोंडीबा, त्याला बसवलं. त्यानं विचारलं, मले काऊन बसवलं? मेंदूचं समजावून सांगितलं. तो म्हणाला, अरे चंपत, हे त मलेबी हाय. मग त्याची लक्षणं तपासली. पाचपैकी पाच जुळली. चार चहा. दुपारचे दोन.
उपाय उत्तम आहे. माणूस चुकला.

१२ ऑगस्ट
रेणुकाबाईंचा फोन, वावरातली मोटार उचलत नाही. म्हटलं, फोन मोटारीजवळ धरा. ऐकलं. कपॅसिटर. गाडी काढली, वीस मिनिटांत मोटार चालू. त्यांनी संध्याकाळी ज्वारी दळायला येऊन सुवर्णाला सांगितलं, तुमच्या मालकावानी चपळ मानूस मी पाह्यला नाही बाई.
सुवर्णा काही बोलली नाही. तिचं न बोलणंही मला स्वच्छ ऐकू येतं. त्यातला दोष मात्र अजून सापडलेला नाही.

१४ ऑगस्ट
मूळ अडचण सापडली. वेळ दिसत नाही. मोबाइलात अलारम लावायला जावं तर व्हिडिओ निघतो. टेबलावर ठेवायचं साधं घड्याळ पाहिजे. पहिल्या बसनं आदिलाबाद. घड्याळ घेतलं. सोबत एक पांढरा फळा आणि तीन रंगांची पेनं. परत यायला चार वाजले.
आलो तेव्हा मायलेकी मोरीवर साबणानं हात धूत होत्या. कोपरापर्यंत काळे. सुवर्णा म्हणे, जरा साफसफाई केली. माझं पाहून घरात शिस्त पसरते आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून येताना कोपऱ्यावर थबकलो. गिरणी चालू, आणि किर्र नाही. नीट ऐकलं. नाहीच.
बेअरिंग आपोआप बसली. मला अंदाज होताच. लोखंडाला वेळ द्यावा लागतो, घाई करणारे मिस्त्री इथंच चुकतात. हे अश्विनीला समजावलं. ती ओठ घट्ट मिटून मान डोलवत होती. शिकेल.

१७ ऑगस्ट
पंख्यानं या वहीची पानं उडतात. सुवर्णानं कुठून तरी एक जुनी बेअरिंग आणून वर ठेवली. म्हणे, घ्या, तुमच्या कामाची हाय. गुणी बाई.

२० ऑगस्ट, बुधवार
आवाज गेला तरी नवी बसवायचीच. शब्द दिला आहे. फळ्यावर पायऱ्या लिहिल्या: जुनी काढणे लाल, पुसणे निळा, नवी बसवणे हिरवा. सहाचा अलारम. उद्या आठच्या आत काम संपलेलं असेल.

२१ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ
अलारम वाजला. उठलोसुद्धा. सहालाच डब्यांची रांग गिरणीपासून हापशीपर्यंत. फळीवरचं खोकं उचललं. हलकं लागलं. उघडलं. आत सेफ्टी पिना आणि एक बटन.

टेबलापाशी आलो. वहीवरची बेअरिंग कानाजवळ धरून फिरवली.
किर्र.

सुवर्णाला विचारायला गेलो. ती सोनाबाईंचे गहू ओतत होती. सोनाबाई म्हणजे धोंडीबाची आई, पहाटेच नंबर लावलेला. सुवर्णानं वर न बघता विचारलं, काऊन, आज आयकू आलं? मग सांगितलं, तुमी घड्याळ आनाले गेले त्या रोजी पोरीनं बदलली. म्या बॅटरी धरली. पस्तीस मिनिटं. पाने मातर लवकर सापडले हो, तुमची निळी भित्त कामी आली.

पुढे म्हणे, आता पट्टा ढिला होऊन राह्यला, आयकू येते का? येत होतं. दुपारपर्यंत घसरायला लागला असता. म्हटलं, चहा घेतो नि बघतो.

तिनं गिरणी बंद केली. रिकामा डबा पालथा घातला आणि माझ्या शेजारी बसली. मग सोनाबाई बसल्या. मग पूर्ण रांग आपापल्या डब्यांवर बसली. अकरा बाया. कोणी एक शब्द बोललं नाही.

नऊ मिनिटांत पट्टा ताणून झाला. हात पुसले, गिरणी चालू केली. आवाज एकदम साफ.

सोनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सुवर्णाला म्हणाल्या, इतकंच होतं त जूनमंदीच बलावाचं ना बाई, बसलो असतो.

लिहून ठेवलं. वर बेअरिंग ठेवली.