फक्त तारीख वाचता येणाऱ्या संकेतस्थळाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक वृक्षोद्यान कार्यालय

विषय : उद्यानाचे संकेतस्थळ शनिवारपूर्वी वाचण्याजोगे करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझी ऑनलाइन तक्रार व कार्यालयाचे उत्तर, "आपले प्रश्न फार आहेत, एका वेळी एकच विचारावा."

महोदय,

काल संध्याकाळी मी संकेतस्थळावर मोजणी केली. झाडांच्या नोंदी २१४. प्रश्नचिन्हे ४१,३०६. वाचता येईल असे मराठी अक्षर एकही नाही. संदर्भातील माझी तक्रारही याच रोगाने प्रश्नचिन्हे होऊन आपल्यापर्यंत पोहोचली, त्यामुळे उत्तराबद्दल माझी तक्रार नाही.

कारण सापडले आहे. संकेतस्थळाची तारीख रोज बदलावी, असे आपले परिपत्रक आहे. त्यानुसार आपले हेडक्लार्क भाऊसाहेब रोज पाच वाजता मूळ फाइल जुन्या प्रोग्राममध्ये उघडतात, तारीख घालतात आणि साठवतात. त्या प्रोग्रामला फक्त इंग्रजी अक्षरे व आकडे कळतात. उरलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. तसे करण्याआधी तो इमानाने विचारतोही. भाऊसाहेब म्हणाले, "अगं, एवढं अदबीनं विचारतंय, तर नाही कसं म्हणायचं? मी रोज होय म्हणतो."

मी सकाळी माझ्याकडील चांगली प्रत चढवते, संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. भाऊसाहेब तारीख इंग्रजी आकड्यांत घालत असल्याने तेवढी शाबूत राहते, आणि आपण तपासणीत तारीखच पाहत असल्याने शेरा "अद्ययावत" असाच पडतो.

एरवी मी धीर धरला असता. पण ही सगळी माहिती ज्यांनी झाडाझाडाखाली उभे राहून मला सांगितली, ते माळी तात्या शनिवारी निवृत्त होत आहेत. रविवारी त्यांनी सुनेला आणि नातवंडांना मोबाइलवर आपले काम दाखवायला बसवले. सोमवारी मला म्हणाले, "पोरी, मी उत्तरं दिली होती ना? मग तुम्ही प्रश्न का छापलेत? घरी सगळे म्हणतात, आजोबांना काहीच ठाऊक नव्हतं."

तरी विनंती की, जुना प्रोग्राम काढून मराठी जाणणारा बसवण्यास आणि फाइल मराठी अक्षरे जशीच्या तशी राखणाऱ्या 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवण्यास परवानगी द्यावी. तारीख बदलण्याचा मान भाऊसाहेबांकडेच राहावा. तो यंत्राला द्यावा असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

शनिवारी निरोप समारंभ चार वाजता आहे, म्हणजे भाऊसाहेबांच्या वेळेच्या एक तास आधी. पण तात्या पान घरी जाऊन दाखवणार आहेत, म्हणून हा अर्ज.

परवानगीच्या वाटेकडे डोळे लावून,
आपली नम्र,
कंत्राटी साहाय्यक, नोंदणी कक्ष
दिनांक : गुरुवार, १२ तारीख

सोबत : चाचणीचा निकाल.
भाऊसाहेबांनी आज पाच वाजता वेगळ्या प्रतीवर, नव्या प्रोग्राममध्ये, स्वहस्ते तारीख बदलून साठवली. साठवण्यापूर्वी प्रश्नचिन्हे : २. साठवल्यानंतर : २. दोन्ही चिन्हे तात्यांच्या सांगण्यावरून घातलेली, ज्या झाडांचे वय त्यांना माहीत नाही त्यांच्यापुढे.