नकार पोहोचवायला गेलो त्याची हकीकत

गोइंदवाल,
मंगळवार

तीर्थरूप वीरजींच्या पायांवर धाकट्या भावाचा, निहालचा मत्था. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा राग उतरला का? (इकडे माझं पोट सोडून सगळ्यांचं ठीक.)

तुम्ही सांगितलंत तस्साच गेलो हो! 'सुताराच्या घरात आमची लेक कीरत द्यायची नाही' हे वाक्य बावलीच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना घोकलं, चढताना घोकलं. (लोक तिथे दर पायरीला जपजीचा पाठ म्हणतात, मी हे.) मुलाचा बाप लखमीरसिंग गुरुदरबाराच्या दारातच भेटला. मी तोंड उघडतोय तोच म्हणाला, "आधी पंगत, मग बोलणं! गुरू अमरदासांच्या गावात बादशहालासुद्धा आधी भुईवर बसून जेवावं लागलं म्हणतात, तू कोण लागून गेलास?" बसलो, सुताराच्या मांडीला मांडी लावून. (दुसऱ्या बाजूला कोण होता, देव जाणे. तिथे जात विचारायची सोयच नाही, हीच तर पंचाईत.)

म्हटलं, जेवताजेवताच उरकावं. पण माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, अवघड बोलायचं झालं की दोन्ही हात आपोआप पुढे पसरतात. "माझं काही नाही रे, पण वीरजी..." एवढं म्हणेस्तोवर ओंजळीत गरम रोटी! लंगरात हात पसरले म्हणजे रोटी मागितली, हे जन्मापासून माहीत. पण हात ऐकतील तर शपथ. अन्न टाकता येत नाही, खाल्ली. पुन्हा "पण वीरजी", पुन्हा रोटी. वाढणारीची नुसती ओढणी दिसायची, तोंड भरलेलं असताना मान कोण वर करणार? गुरू अमरदासांनी उतारवयात आपल्या गुरूसाठी नदीवरून पाण्याच्या घागरी वाहिल्या आणि मला एक वाक्य पोहोचवता येईना! खरंच रडू आलं हो. भरल्या डोळ्यांनी पुन्हा हात पसरले, तर लखमीरसिंगच गहिवरला. 'मुलीचा बाप हात पसरतो, मी नाही कसं म्हणू' म्हणाला आणि स्वतःच्या पानातला लाडू माझ्या ओंजळीत ठेवला. लोकांनी जयकारा केला. मीही केला. नकार नेमका कुठे सांडला, मला अजून उमगलेलं नाही.

रागावू नका.

तुमचा,
निहाल

ता. क. : लग्नाच्या मिलनीत दोन्हीकडची माणसं गळाभेट घेतील, तेव्हा लखमीरसिंगच्या थोरल्या भावाला मिठी मारायचा मान तुमचाच. तो समोरच्याला उचलतो म्हणे, गुडघा सांभाळून या. पण याच.

आणखी एक : वाढत कोण होतं, ते घरी आल्यावर कळलं. आपली कीरत! खूप ओरडलो, तर बापालाच म्हणते, "दारजी, तुम्ही हात पसरलेत, मी वाढलं. पंगतीत कुणाला नाही म्हणायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"